वाचकांचे प्रश्न : युद्ध दूर, भीती घरात

अलीकडे आलेल्या पत्रांमध्ये जागतिक घडामोडींविषयी एकच चिंता वेगवेगळ्या शब्दांत व्यक्त झाली आहे. युद्ध हजारो किलोमीटरवर चालते, त्याची भीती मात्र दिवाणखान्यात येऊन बसते आणि तिच्यातूनच आपली मते तयार होतात. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा शारजात नोकरीला आहे. 2025 च्या जूनमध्ये इस्रायल आणि इराण यांच्यात युद्ध पेटले, तेव्हा आमच्या घरातला टीव्ही सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत चालू असे. मुलगा सुखरूप राहिला, युद्धही थांबले. पण त्या दिवसांत इराणविषयी माझे जे मत बनले ते अजून तसेच आहे. ते माझे किती आणि वाहिन्यांचे किती, हे कसे ओळखावे? (एक वाचक भगिनी, नेरूळ)

उत्तर : आपली भीती निराधार होती असे म्हणता येणार नाही. 13 जूनला सुरू झालेल्या त्या युद्धात 22 जूनला अमेरिकेने फोर्दो, नतान्झ आणि इस्फहान येथील अणुकेंद्रांवर हल्ले केले, दुसऱ्या दिवशी इराणने कतारमधील अल उदैद या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रे डागली आणि आखातातील काही देशांचे हवाई क्षेत्र काही तास बंद राहिले. ज्या आईचा मुलगा तेथे आहे तिने त्या रात्री निवांत झोपावे, अशी अपेक्षा कोणी करू नये.

तथापि काळजी आणि मत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. याच सुमारास इराणच्या संसदेने होर्मुझची सामुद्रधुनी बंद करण्याच्या बाजूने कौल दिला. जगात वापरल्या जाणाऱ्या तेलापैकी सुमारे एक पंचमांश तेल तेव्हा त्या मार्गाने जात असल्यामुळे बातमी मोठी होतीच. परंतु अंतिम निर्णय संसदेचा नसून सर्वोच्च राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचा होता, ही ओळ अनेक वाहिन्यांवर पडद्याच्या तळाशी धावून निघून गेली. त्या युद्धात सामुद्रधुनी बंद झाली नाही. ‘बंद होणार’ हे दिवसभर सांगितले गेले आणि ‘झाली नाही’ हे सांगण्याची गरज कोणाला वाटली नाही, कारण न घडलेल्या गोष्टीचे चित्र दाखवता येत नाही.

एखादी गोष्ट घडण्याची शक्यता किती, हे ठरवताना माणूस तशी उदाहरणे आपल्याला किती चटकन आठवतात यावर विसंबतो, असे एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानमन या मानसशास्त्रज्ञांनी 1973 मध्येच मांडले होते. याची किंमत जिवानेही मोजावी लागते. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांनंतर अनेक अमेरिकी नागरिकांनी विमानप्रवास टाळून मोटारीने लांबचे पल्ले गाठले, आणि त्यामुळे पुढील वर्षभरात रस्ते अपघातांत सुमारे 1,500 माणसे अधिक दगावली, असा अंदाज जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेंझर यांनी मांडला आहे.

आपल्या प्रश्नापुरती एक कसोटी सुचवतो. इराणविषयीचे आपले मत कागदावर लिहावे आणि त्याच्या शेजारी त्या मताला आधार देणारी वर्षे लिहावीत. इराणचे पंतप्रधान मोसाद्देक यांचे सरकार उलथवले गेले ते 1953, इराकशी आठ वर्षे चाललेले युद्ध सुरू झाले ते 1980, अणुकरार झाला ते 2015, अमेरिका त्यातून बाहेर पडली ते 2018. यांचा विचार केल्यानंतरही मत तेच राहिले, तर ते आपले आहे आणि ते बाळगण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. कागदावर फक्त 2025 चा जून उरत असेल, तर त्यातला मोठा वाटा वाहिनीचा समजावा.

प्रश्न : मी घोडबंदर रोडवरील एका सोसायटीचा सचिव आहे. मे 2025 मध्ये भारत-पाकिस्तान संघर्ष चालू असताना आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्फोटांचे व्हिडिओ येत होते. मी काही काढून टाकले, तर मलाच देशप्रेम शिकवण्यात आले. माझे चुकले का? (एक सचिव, ठाणे)

उत्तर : चुकले नाही, मात्र व्हिडिओ काढताना कारणही लिहिले असते तर वाद कमी झाला असता. त्या दिवसांत वातावरण कसे होते ते आठवावे. 7 मे रोजी देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली आणि तिच्या यादीत ठाणे होते, उरणही होते. त्याच रात्रीपासून वाहिन्यांवर भोंगे वाजू लागले आणि आवाज खिडकीबाहेरून येतो आहे की टीव्हीतून, हे कळेनासे झाले. अखेर 10 मे रोजी केंद्रीय यंत्रणेला वाहिन्यांना बजावावे लागले की नागरी संरक्षणाच्या भोंग्यांचा आवाज कार्यक्रमांत वापरू नये, कारण खऱ्या इशाऱ्याच्या वेळी लोक त्याकडे दुर्लक्ष करतील. कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याची बातमी काही मोठ्या वाहिन्यांनी दिली आणि ती खोटी निघाली. 2020 मधील बैरूतच्या स्फोटाची दृश्ये, इतकेच नव्हे तर संगणकावरील युद्धखेळांतील दृश्येही, ताजी म्हणून फिरली.

म्हणून ग्रुपवर एकच नियम करावा : व्हिडिओ टाकणाऱ्याने ठिकाण, तारीख आणि तो कोठून मिळाला हे लिहावे. ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेले’ अशी खूण असलेल्या संदेशाला हा नियम अधिक कडकपणे लावावा. त्या खुणेमागचा इतिहास आपल्याच राज्यातलाही आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून जमावाने पाच जणांना ठार मारले. अशा घटनांनंतर त्याच महिन्यात भारतात संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा आली. देशप्रेमाचे धडे देणाऱ्यांना हे नम्रपणे सांगावे.

प्रश्न : भीती मुद्दाम पसरवली जाते असे म्हटले की मित्र ‘हा सगळीकडे कट शोधतो’ म्हणून हसतात. यात तथ्य किती? (राज्यशास्त्राचा विद्यार्थी, वाशी)

उत्तर : काही वेळा ती मुद्दाम पसरवली गेल्याचे पुरावे आहेत. इराकने कुवेतवर आक्रमण केल्यानंतर, 10 ऑक्टोबर 1990 रोजी वॉशिंग्टनमध्ये लोकप्रतिनिधींच्या एका गटासमोर पंधरा वर्षांच्या एका कुवेती मुलीने रडत रडत सांगितले की इराकी सैनिकांनी रुग्णालयातील अर्भकांना काचपेट्यांतून काढून जमिनीवर मरायला टाकले. ही कहाणी अमेरिकाभर गाजली, राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ती पुन्हा पुन्हा सांगितली आणि जानेवारी 1991 मध्ये सिनेटने 52 विरुद्ध 47 मतांनी इराकविरुद्धच्या युद्धाला मान्यता दिली, तेव्हा काही सदस्यांच्या भाषणांतही तिचा उल्लेख आला. ती मुलगी कुवेतच्या राजदूताची कन्या होती आणि या प्रचारमोहिमेमागे हिल अँड नोल्टन ही जनसंपर्क कंपनी होती, हे जगाला कळले ते युद्ध संपल्यानंतर, 1992 मध्ये. पाच मतांचा तो फरक पाहिला की अशा साक्षीचे वजन ध्यानात येते. कुवेतवर आक्रमण झाले होते आणि अत्याचारही झाले होते. खरे दुःख हाताशी असताना पुढे खोट्या ठरलेल्या या कहाणीचा आधार घेतला गेला, हे मला अधिक अस्वस्थ करते.

दुसरा प्रसंग 5 फेब्रुवारी 2003 चा. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत इराकच्या अस्त्रांविषयी बोलताना बोटांच्या चिमटीत एक लहानशी कुपी धरून, अँथ्रॅक्स या प्राणघातक रोगजंतूची एवढीशी पूड काय करू शकते ते सांगितले. त्या कुपीत अँथ्रॅक्स नव्हता, आणि इराकमध्ये सामूहिक संहाराच्या अस्त्रांचे साठेही पुढे सापडले नाहीत. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने 26 मे 2004 रोजी आपल्या इराकविषयक बातम्यांत पुरेशी काटेकोर तपासणी झाली नव्हती, अशी कबुली दिली, त्यांतल्या कित्येक बातम्या पहिल्या पानावर आल्या होत्या, कबुली आतल्या पानावर आली.

मात्र तुमचे मित्र सर्वस्वी चूक आहेत असेही नाही. रोजच्या भीतीमागे बहुधा कोणी सूत्रधार नसतो, धंदा असतो. प्रेक्षक किती वेळ खिळून राहतो यावर जाहिरातीचा दर ठरतो आणि घाबरलेला माणूस रिमोट खाली ठेवत नाही. रशिया आणि युक्रेन यांच्या युद्धात आपल्याकडील वाहिन्यांनी अणुयुद्धाचे असे काही मथळे चालवले की 23 एप्रिल 2022 रोजी माहिती व प्रसारण मंत्रालयाने त्यांना उदाहरणांसह समज दिली. कोणी कट केला असता तर तो उघडकीस आणता आला असता. धंद्याच्या सवयीत उघडकीस आणण्याजोगे काही नसते, म्हणून ती टिकते. अभ्यासक म्हणून तुम्ही एवढे पाहावे की या भीतीच्या काळात कोणता निर्णय मंजूर करून घेतला जात आहे आणि कोणता प्रश्न विचारायचा राहून गेला आहे.

प्रश्न : मग घाबरूच नये का? (ज्येष्ठ नागरिक, नौपाडा)

उत्तर : घाबरावे, आणि घाबरून प्रश्न विचारावेत. 1 मार्च 1954 रोजी बिकिनी बेटावर अमेरिकेने केलेल्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली आणि जग हादरले. महिनाभरात, 2 एप्रिलला, पंडित नेहरूंनी लोकसभेत अशा चाचण्या थांबवण्याची मागणी केली. पुढे अमेरिकेतील सेंट लुईस शहरात पालकांनी मुलांचे पडलेले दुधाचे दात शास्त्रज्ञांकडे पाठवले आणि त्यांत चाचण्यांतून पसरणारे किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम वाढत असल्याचे मोजमापाने सिद्ध झाले. त्या पालकांची भीती आपल्या मुलांविषयीचीच होती, परंतु ती शत्रूकडे बोट दाखवून थांबली नाही. तिने स्वतःच्या सरकारकडे हिशेब मागितला. 5 ऑगस्ट 1963 रोजी मॉस्कोत वातावरणातील, अवकाशातील आणि पाण्याखालील चाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला आणि भारतानेही त्यावर लगेच स्वाक्षरी केली. भूमिगत चाचण्यांना त्यात मुभा होती. स्फोट नजरेआड गेले, वृत्तपत्रांतील छायाचित्रे थांबली, जनतेचा रेटाही ओसरला, आणि सर्व चाचण्यांवर बंदी घालणारा करार मांडला जाईपर्यंत 1996 उजाडले.