पूल बांधायचे म्हणते, सिव्हिलला घालू का?

पत्र: मुलगी बारावी सायन्सला आहे. आमचं घर चिपळूणला, रुळांच्या अगदी जवळ. तिला रेल्वेचे पूल बांधायचेत. तिचे बाबा म्हणतात, सिव्हिलमध्ये काय ठेवलंय, कॉम्प्युटर घे. शिवाय मुलीची जात, साइटवर कशी निभावणार? – एक आई

ताई, तुमच्या घराजवळून जी गाडी धडधडत जाते, त्या कोकण रेल्वेचे पहिले प्रमुख ई. श्रीधरन सिव्हिलवालेच. काकीनाड्याला शिकले, मुंबई पोर्ट ट्रस्टमध्ये उमेदवारी केली, मग परीक्षा देऊन रेल्वेत लागले. डिसेंबर १९६४ च्या वादळात रामेश्वरमचा पांबन पूल मोडला, १२६ गर्डर, म्हणजे खांबांवर आडव्या टाकलेल्या लोखंडी तुळया, समुद्रात गेले. दुरुस्तीला सहा महिने धरले होते, वरिष्ठांनी तीनच दिले. काम आलं श्रीधरन यांच्याकडे, तेव्हा ते बत्तीस वर्षांचे. नवे गर्डर कुठून आणायचे हा घोर असतानाच कोळ्यांनी पाण्यात पडलेले गर्डर दाखवले. तेच वर काढून पुन्हा बसवले आणि ४६ दिवसांत पूल उभा. बक्षीस किती? एक हजार रुपये. (हा आकडा यजमानांना सांगू नका.)

पगाराचा विचार केला तर मुलीच्या बाबांचं अगदीच चुकत नाही. सुरुवातीला सॉफ्टवेअरवाली मैत्रीण पुढे दिसेल, बदल्या आणि साइटची धूळही आहेच. पण ‘मुलीची जात’ हे कारण मला पटत नाही. जम्मू-काश्मीरमधल्या चिनाब नदीवरचा ३५९ मीटर उंचीचा रेल्वेपूल घ्या. तिथला भेगाळलेला डोंगर पुलाचा भार पेलेल कसा, यावर बंगळुरूच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेतल्या प्रा. माधवी लता सतरा वर्षं सल्ला देत होत्या. खोदताना खडक वेगळा निघाला की आराखडा बदलायचा, असं ते काम.

आता सीईटी, मग चार वर्षं सिव्हिल. पुढे गेट ही प्रवेश परीक्षा देऊन स्ट्रक्चर (बांधकामाची रचना) किंवा जिओटेक्निकल (माती-खडकाचा अभ्यास) यात एमटेक. रेल्वेत अधिकारी व्हायचं तर यूपीएससीची इंजिनिअरिंग सेवा परीक्षा, ज्युनिअर इंजिनिअरसाठी आरआरबीची, म्हणजे रेल्वे भरती मंडळाची परीक्षा. नियम बदलत असतात, त्या वर्षीची जाहिरात बघूनच ठरवा.

त्याआधी तिला रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा पूल दाखवून आणा. ६४ मीटर उंच खांब, आणि वरचा काँक्रीटचा पट्टा एका काठावर ओतून जॅकने ढकलत पलीकडे नेलेला. ‘बापरे, केवढा उंच!’ म्हणून ती फोटो काढते, की ‘ढकलताना खांब कलले कसे नाहीत?’ असं विचारते, ते मला कळवा.