बोलायचं काम नसलेली नोकरी

यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यातल्या एका आईचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

‘सर, माझा मुलगा १७ वर्षांचा आहे. साडेतीन वर्षांचा होईस्तोवर तो बोललाच नाही. अंगणवाडीत म्हणाले, पोरं उशिरा बोलतात. शाळेत गुरुजी म्हणाले, घरी वऱ्हाडी बोलता म्हणून असं होते, शुद्ध बोलत जा. आता बोलतो, पण शब्द सापडत नाही, “ते… आपलं ते…” करत राहतो. चार कामं एकदम सांगितली की एक करून येतो आणि उभा राहतो. दहावीत मराठी आणि इतिहास राहिले होते, दुसऱ्या खेपेला निघाले. मराठीत ३६ आले, गणितात ५४ होते, विज्ञानात ४९. सोपं जाईल म्हणून अकरावीला आर्ट्स घेतलं, तिथं काहीच समजत नाही म्हणतो. फवारणी पंप, विहिरीवरची मोटर सगळं खोलून दुरुस्त करतो, गावातले लोक आणून देतात. त्याचे बाबा म्हणतात पोलीस भरती कर. माझा भाऊ म्हणतो पुण्याला कंपनीत पाठव. माझे भासरेही (नवऱ्याचे मोठे भाऊ) असेच आहेत, लोक त्यांना घुम्या म्हणतात, त्यांचं काहीच झालं नाही, म्हणून भीती वाटते. बोलायचं काम नसलेली कोणती नोकरी किंवा कोर्स आहे ते सांगा.’

ताई, नमस्कार.

आधी त्या गुणांबद्दल. गणित ५४, विज्ञान ४९, मराठी दुसऱ्या खेपेला ३६. तुम्ही हे जाता जाता लिहिलं आहे, पण मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त तेच बोललं. ढ पोराचे गुण असे नसतात, त्याचं सगळंच सारखं खाली असतं. तुमच्या मुलाचं जिथं भाषा जास्त लागते तिथं अडलंय आणि जिथं कमी लागते तिथं चाललंय. आर्ट्स सोपं म्हणून घेतलं म्हणता, पण त्याच्यासाठी ती सगळ्यात अवघड शाखा आहे. तिथं तासभर ऐका, लक्षात ठेवा आणि पानंच्या पानं लिहा, एवढंच तर काम असतं.

पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी डॉक्टरही नाही. पण उशिरा बोलणं, ओळखीचा शब्द ऐन वेळी न सापडणं, लांब सूचना मधेच सुटून जाणं, आणि त्याच वेळी हात आणि नजर तल्लख असणं, हे सगळं ज्यात बसतं अशी एक स्थिती आहे. तिला डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर म्हणतात, थोडक्यात डीएलडी. नाव अलीकडचं आहे. डोरोथी बिशप या ब्रिटिश संशोधिकेच्या पुढाकारानं तज्ज्ञांनी २०१७ च्या सुमारास ते ठरवलं, त्याआधी एकाच गोष्टीला दहा नावं होती. इंग्लंडमधल्या एका मोठ्या पाहणीत शाळेत नव्यानं आलेल्या मुलांत हे प्रमाण साधारण ७ टक्के निघालं, म्हणजे तीस मुलांच्या वर्गात दोन. तुमच्या मुलाच्या वर्गातही आणखी एखादा असेल, मागच्या बाकावर गप्प बसलेला.

हे वऱ्हाडीमुळे होत नाही. गुरुजींनी चांगल्या मनानं सांगितलं असेल, पण ते चूक आहे. घरी वऱ्हाडी बोला, कोलामी बोला, गोरमाटी बोला, दोन भाषा बोला, त्यानं हा विकार लागत नाही. ज्याला असतो त्याच्या प्रत्येक भाषेत तो दिसतो. ‘मले’ म्हणणं ही चूक नाही, ती आपली बोली आहे. गल्लीतलं लहान पोट्टं जे वऱ्हाडी वाक्य सहज बोलून जातं, ते आपल्या पोराला त्याच वऱ्हाडीत जुळवता येत नसेल तर ती अडचण. तेव्हा घरात ‘शुद्ध’ बोलण्याचा आटापिटा आजपासून बंद करा. त्यानं एवढंच होतं की पोरगं घरातही बोलायचं टाळतं.

तुमच्या वागण्यातही काही कमी पडलेलं नाही. हे बरेचदा घराण्यात असतं. तुमच्या भासऱ्यांबद्दल वाचलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. त्यांच्याकडे मी शेवटी येतो.

आता तुमचा प्रश्न: बोलायचं काम नसलेली नोकरी. ताई, या प्रश्नानं मी स्वतः एकदा फसलो आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी असाच एक मुलगा आला होता. मी विचार केला, याला बोलायचं नको, आणि एका मोठ्या किराणा दुकानाच्या गोदामात लावून दिला. पोती उचलायची, गिऱ्हाइकाशी संबंध नाही. तीन महिन्यांत तो घरी बसला. झालं असं की मालक गल्ल्यावरून ओरडायचा, ‘दोन कट्टे तूर, एक तेलाचा डबा, साखर मागच्या रांगेतली, आणि येताना वजनाचं पाहून ये.’ पोरगं तूर आणायचं. बाकीचं हवेत. त्याला तिथं बोलायला कमी होतं, पण ऐकायला किती आहे हे मी पाहिलंच नव्हतं.

म्हणून कोणतंही काम निवडताना ‘बोलावं लागतं का’ हे विचारू नका. ‘काम सांगतं कोण आणि कसं’ हे विचारा. तोंडी, घाईत, रोज नव्या माणसाकडून, एका दमात चार गोष्टी, असं असेल तर तुमच्या मुलाला ते काम झेपणार नाही, मग ते कितीही मुकं दिसो. ढाब्यावरचा पोऱ्या फारसा बोलत नाही, पण त्याच्या कानावर एका वेळी सहा टेबलांच्या ऑर्डरी येतात. याच्या उलट काम समोर दिसत असेल, एकाच उस्तादाच्या हाताखाली असेल, नकाशा किंवा नमुना पाहून करायचं असेल, तर थोडंफार बोलावं लागलं तरी तो टिकेल. कापसाच्या जिनिंगमध्ये कधी गेला असाल तर पाहा. मशीन सुरू झाल्या की तिथं सगळेच हातवारे करून बोलतात. तिथं त्याचं काही कमी पडणार नाही.

या हिशेबानं पोलीस भरतीचं पाहू. त्याच्या बाबांना सांगा की मैदानी ५० गुणांची असते आणि लेखी १०० ची. धावून तो पहिला येईल, पण लेखीच्या उताऱ्यात आणि व्याकरणात अडकेल. समजा निघालाही, तरी पोलिसाचं काम म्हणजे वायरलेसवरचा हुकूम, जबाब आणि पंचनामा. ही वाट मी सुचवणार नाही. पुण्याची कंपनीही आत्ता नको. ठेकेदाराकडचं काम, आठवड्याला बदलणारा सुपरवायझर आणि तोही हिंदीतून सांगणारा. मामांचा हेतू चांगला आहे, पण दोन वर्षं थांबा म्हणावं. हातात ट्रेड, म्हणजे शिकलेलं कसब, घेऊन गेला तर तोच मुलगा तिथं वेगळा दिसेल.

माझं मत आयटीआयचं आहे. इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन, दोन्ही दोन वर्षांचे. दोन वर्षं जड वाटत असतील तर ट्रॅक्टर मेकॅनिक एक वर्षाचा आहे. पण मोटर खोलणाऱ्या पोराला मी इलेक्ट्रिशियनच सांगेन. आपल्याकडे आता शेताशेतात सोलर पंप बसतायत, ते दुरुस्त करणारा माणूस गावात लागणारच आहे. शिवाय दोन वर्षांच्या ट्रेडनंतर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाची वाटही असते, पुढं त्याला वाटलं तर. आयटीआयत बराच वेळ वर्कशॉपमध्ये जातो आणि थिअरीचा पेपर बहुपर्यायी प्रश्नांचा, संगणकावर असतो. निबंध लिहायचा नाही, पण प्रश्न नीट वाचावा लागतो, तिथं सराव हवा. फॉर्म ऑनलाइन भरतात, साधारणपणे दहावीच्या निकालाच्या आसपास. प्रवेश पक्का होईपर्यंत अकरावी सोडू नका. मधेच नाव काढून घरी बसलेली पोरं मी बरीच पाहिली आहेत.

आता तपासणी. इथं घाई करा, कारण त्याला १८ पूर्ण व्हायला थोडेच महिने आहेत आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. गावातल्या आशाताईंना किंवा ग्रामीण रुग्णालयात विचारा आणि यवतमाळला या कार्यक्रमाच्या केंद्राकडे चिठ्ठी घ्या. सगळ्यात आधी कानाची तपासणी. साधी गोष्ट आहे, पण कितीदा ती झालेलीच नसते. मग वाचा-भाषा तज्ज्ञ, म्हणजे स्पीच थेरपिस्ट. त्यांना सांगा, ‘घरी वऱ्हाडी बोलतो, वऱ्हाडीत तपासा.’ यवतमाळला जमलं नाही तर नागपूरचं शासकीय मेडिकल. तिथं जाताना एक दिवसात काम होईल असं धरून जाऊ नका.

प्रमाणपत्राची गंमत ऐका, नाहीतर खेटे पडतील. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात ‘वाचा व भाषा दिव्यांगता’ असं एक नाव दिसतं आणि सगळे तिकडे धावतात. पण ते स्वरयंत्र काढलेल्या किंवा मेंदूला इजा होऊन वाचा गेलेल्या माणसांसारख्यांसाठी आहे. तुमचं काम ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ या प्रकारात बसण्याची शक्यता जास्त, कारण त्याच्या व्याख्येत डेव्हलपमेंटल अफेझिया असा शब्द आहे आणि ते याच विकाराचं जुनं नाव. डॉक्टरांसमोर वाचन-लेखनाची अडचणही सांगा आणि शाळेच्या जुन्या वह्या सोबत न्या, त्या खोटं बोलत नाहीत. ४० टक्के किंवा जास्त भरलं तरच आरक्षण वगैरे लागू होतं. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांना ४ टक्के जागा आहेत, पण त्यातली १ टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार, अध्ययन अक्षमता आणि बहुदिव्यांगता या सगळ्यांत मिळून. त्यावर आयुष्याची भिस्त ठेवू नका. लेखी परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा वेळ मिळाला तरी त्याला मोठा फरक पडेल, त्यासाठी कागद करून घ्या. ‘काढून देतो’ म्हणणारा दलाल भेटला तर मागं फिरा.

आता जे तुम्हाला ऐकायला आवडणार नाही ते. हे वयानं जात नाही. अंगणवाडीवाल्यांनी ‘येईल’ म्हटलं होतं, आणि तो बोलायला लागलाही, पण अडचण राहिली, फक्त रूप बदललं. इंग्लंडमध्ये अशा मुलांचा लहानपणापासून २४ व्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला गेला. ती रिकामी बसलेली नव्हती. फरक पडला तो शिक्षणात आणि कामाच्या दर्जात, त्यांच्या वाट्याला कमी कसबाची आणि अर्धवेळ कामं जास्त आली. म्हणून मी ट्रेडचा आग्रह धरतोय. आणि थेरपी १७ व्या वर्षीही उपयोगी असते, पण आता ‘क ख ग’ नको. आयटीआय सुरू व्हायच्या आधी त्याच्या हातात वस्तू देऊन तिचं नाव घ्यायला लावा: स्टार्टर, कपॅसिटर, बेअरिंग, फूट व्हॉल्व्ह, वाइंडिंग. यादी पाठ करून त्याच्या डोक्यात राहणार नाही. वस्तू हातात, नाव तोंडात, आणि उद्या परत.

‘समजलं का?’ हा प्रश्न घरातून हद्दपार करा. तो ‘हो’ म्हणेल, ही पोरं नेहमी ‘हो’ म्हणतात, कारण ‘नाही’ म्हटल्यावर काय होतं हे ती शाळेत शिकलेली असतात. त्याऐवजी ‘आता काय करशील, सांग’ म्हणा. फोनवर काम सांगू नका, व्हॉट्सअॅपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवा, तो तीनदा ऐकेल. आणि एक वाक्य त्याच्याकडून इतकं घोटून घ्या की झोपेतही यावं: ‘सर, मले एकदम लय सांगतलं तं ध्यानात राहत नाही. एकेक सांगा, नाहीतं करून दाखवा.’ हे पहिल्याच दिवशी आयटीआयच्या निदेशकांना, म्हणजे शिकवणाऱ्या सरांना, सांगायचं. तिसऱ्या महिन्यात सांगितलं तर ते बहाणा वाटतं.

कागदावर सही करण्याआधी तो कागद घरी येईल, हा नियमही आत्ताच लावा. ठेकेदाराचा करार, कर्जाचं अॅप, ‘केवायसी संपली’ म्हणणारा फोन, सगळीकडे ‘हो’ म्हणणारा माणूस सापडतो. यात तुमच्या भासऱ्यांचं काय काय झालं असेल, मला अंदाज आहे.

त्यांचं काहीच झालं नाही, असं तुम्ही लिहिलंत. पण त्याच पत्रात मागच्या पानावर तुम्ही लिहिलंय की गावात पेरणीचं तास, म्हणजे ओळ, सरळ धरणारा त्यांच्यासारखा कोणी नाही, म्हणून पेरणीला लोक त्यांनाच बोलावतात, आणि बँकेत मात्र ते कधी एकटे जात नाहीत. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या आहेत. चाळीस-पन्नास वर्षं ही अडचण सांभाळत ते जगले, कोणी तिला नाव दिलं नाही, ‘घुम्या’ सोडून. तुमच्या मुलाला काय होतं हे घरात कोणाला कळत असेल तर त्यांना. त्यांना विचारा. भाषण द्यायला लावू नका. वावरात सोबत काम करताना विचारा, आणि उत्तराला वेळ द्या. दहा मिनिटं लागली तरी मधे शब्द पुरवू नका.

आणि आता तो मोटर खोलेल तेव्हा प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कोणाची मोटर, काय बिघडलं होतं तेही खाली लिहा. आयटीआयच्या सरांना दाखवायला लागतील, आणि त्याला सांगताना अडलं तर त्याच फोटोंवर बोट ठेवून तो सांगू शकेल.