हलकी सायकल नंतर बघू

सायकल घेतलीत, छान केलंत! पण 11 किलोची विकून 8 किलोची कार्बनची घ्यायचा विचार सध्या सोडा. तुम्ही 82 किलो, सायकल 11. घाटात पाय ओढतात ते 93. तीन किलो कमी केले तरी दौलताबादहून खुलताबादला चढताना वीस मिनिटांमागे पाऊण मिनिटही वाचत नाही. सपाट रस्त्यावर तर खरा अडथळा वाऱ्याचा.

सुरुवातीला एवढंच पाहा:

- सीटची उंची. पेडल खाली असताना त्यावर टाच टेकवली की गुडघा सरळ व्हायला हवा. बुटकी सीट ठेवून गुडघे दुखवून घेणारे फार आहेत.
- वजन उतरवायला उपाशी निघू नका. दोन केळी, शेंगदाण्याची चिक्की, मीठ-साखरेचं पाणी सोबत हवंच. आपल्याकडचा उन्हाळा बघता सूर्य वर यायच्या आत परत फिरा.
- पंक्चर झालं की नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून हळूच बोट फिरवा. बाभळीचा काटा मोडून आतच राहतो आणि शंभर मीटरवर नवी ट्यूबही पंक्चर होते.

वजन महिन्याला किलो-दीड किलो उतरलं तरी पुष्कळ. पॉवर मीटर (पेडलवरचा जोर मोजणारं यंत्र), गिअरचे दात हे सगळं दिवाळीनंतर बोलू.