कोंबड्यांसाठी खुराडं, पण लाकूड कुठलं?

प्रश्न: ताई, आम्ही वडोदऱ्यात मांजलपूरला राहतो, मागे छोटं अंगण आहे. पाच-सहा गावठी कोंबड्या पाळायच्यात. सुतार म्हणतो साधा प्लाय लावून वरून ऑइलपेंट मारतो, स्वस्तात होईल. पावसात टिकेल का?

उत्तर: नाही हो! साधा प्लाय पावसाळ्यात कडेने फुगतो नि पापुद्रे सुटतात, रंग कितीही मारा. सांगाडा सागाचा करा, नवा महाग पडत असेल तर जुन्या घरांच्या चौकटींचा साग बघा, तो मुरलेला असतो त्यामुळे सहसा वाकत नाही, फक्त वाळवीसाठी ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर सोडून द्या. प्लायच हवा तर आयएस ७१० (भारतीय मानक) शिक्क्याचा मरीन, म्हणजे पाण्याला टिकणारा प्लाय घ्या, आणि कापलेल्या कडा सील करूनच बसवा, पाणी तिथूनच शिरतं.

पाय मातीत गाडू नका, सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवा, जमिनीपासून दीड फूट वर. पत्रा उतरता, चारी बाजूंनी बाहेर आलेला.

आणि एक, लोक पावसाच्या धास्तीने खुराडं पेटीसारखं बंद करतात, मग मे महिन्यात ४२ डिग्रीत कोंबड्या चोच उघडून धापा टाकत बसतात! छपराखाली समोरासमोर जाळी हवीच. ती पातळ षटकोनी नको, मुंगूस फाडतं, अर्ध्या इंचाची वेल्डेड घ्या. आतून चुना मारा, फटींतल्या पिसवांनाही थोडा आळा बसतो. कोंबडा आणणार असाल तर आधी शेजाऱ्यांना विचारा बाई.