पिशवी काढली, त्रास गेला, मग रडू का येतं?

प्रश्न: ताई, माझं वय ४३, शाळेत शिकवते. गर्भपिशवीतल्या फायब्रॉइडच्या गाठींमुळे दोन वर्षं पाळीत इतकं अंगावर जायचं की वर्गात खुर्चीवरनं उठायची भीती वाटायची, हिमोग्लोबिन ७ वर आलेलं. चार महिन्यांपूर्वी पिशवी काढली. टाके भरलेत, मिस्टर म्हणतात सुटलीस एकदाची, आणि सुटले हे खरंच, पण संध्याकाळी कणीक मळताना अचानक रडू येतं. दोन मुलं आहेत, तिसरं नकोच होतं, मग रडते कशासाठी? कपाटात पॅडचं एक पाकीट उरलंय ते टाकवत नाही. सासूबाई म्हणतात तू आता आतून पोकळ झालीस. मिस्टर जवळ आले की मी कूस बदलते.
– एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, आधी एक काम करा, डिस्चार्ज कार्ड काढा आणि बघा की फक्त पिशवी काढलीय का दोन्ही ओव्हरी, म्हणजे अंडाशय, पण काढल्यात. कितीतरी बायकांना हे माहीतच नसतं, घरात सगळे नुसतं 'पिशवीचं ऑपरेशन' म्हणतात आणि मला याचा फार राग येतो, कारण फरक मोठा आहे. ओव्हरी काढल्या असतील तर पाळी जायला जी वर्षं लागतात ते तुमच्या शरीरात एका दिवसात झालंय, मग अंगातून वाफा येणं, झोप उडणं, रडू येणं हे हार्मोन कमी झाल्यामुळे होतं आणि त्यावर औषध आहे. ४३ व्या वर्षी हाडांसाठी पण ते बघावं लागतं, तेव्हा डॉक्टरांना हार्मोनच्या गोळ्यांबद्दल स्पष्ट विचारा. ओव्हरी ठेवल्या असतील तर त्यांचं काम चालूच असतं, म्हणजे पाळी नाही पण पाळीआधीची चिडचिड, छाती जड होणं येऊ शकतं, फक्त तारीख समोर नसल्याने आपल्याला वाटतं डोकंच बिघडलं. हिमोग्लोबिन पण परत तपासा, अंगात रक्त नसेल तर मन पण थकतं.

आणि रिपोर्ट सगळे चांगले आले तरी रडू येऊ शकतं हो. तेराव्या-चौदाव्या वर्षापासून महिन्याच्या महिन्याला सोबत असलेली गोष्ट गेलीय, तिचा कितीही त्रास झाला तरी ती तुमची होती. मूल नको असणं वेगळं आणि आता होऊच शकत नाही हे वेगळं. पाकीट राहू दे कपाटात, घाई काय आहे.

पोकळ वगैरे काही होत नाही, ती जागा आतडी आपोआप भरून काढतात. सासूबाईंना कुणी समजावलंच नसेल, त्यांच्यावर चिडू नका.

मिस्टरांचं म्हणाल तर योनीमार्गाचं फक्त आतलं टोक शिवून बंद केलेलं असतं, सहा-आठ आठवड्यांनी तपासून डॉक्टरांनी हो म्हटलं की संबंधाला हरकत नसते. कोरडेपणाने दुखत असेल तर त्याला क्रीम, जेल मिळतं. पण मनच होत नसेल तर तसं सांगा त्यांना, कूस बदलली की त्यांना वाटत असेल मीच नकोसा झालो, आणि पुढच्या तपासणीला त्यांना सोबत न्या, बाहेर बाकावर बसवू नका, आत न्या.

दोन आठवडे रोजच उदास वाटलं, जेवण-झोप गेली किंवा जगणं नको वाटलं तर थांबू नका, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. कार्डावर काय लिहिलंय ते मात्र मला नक्की कळवा.