मागून डावीकडे बसलेली गाडी

प्रश्न : माझी दहा वर्षांची हॅचबॅक मोटार पावसाळ्यापासून मागच्या डाव्या बाजूला दोन बोटे खाली बसलेली दिसते. लातूरच्या एका गॅरेजमध्ये त्या बाजूचा शॉकअप बदलला, तरी फरक पडला नाही. आता मागच्या स्प्रिंग बदलाव्यात काय? – एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : मोजमाप घेतल्याशिवाय आणखी एकही सुटा भाग आणू नये, अशी कळकळीची विनंती आहे. गाडीचे वजन स्प्रिंग पेलते. साध्या शॉकअपचे काम स्प्रिंगची उसळी आवरण्याचे आहे, त्यामुळे तो बदलून गाडीची उंची भरून येणार नव्हती.

काळ्या मातीवरचे आपल्याकडचे रस्ते उन्हाळा-पावसाळ्यात खचतात आणि फुगतात, म्हणून रस्त्यावर मोजू नये. मोंढ्यातल्या एखाद्या आडतीची फरशी निवडावी आणि तीही समतल आहे ना, हे गवंड्याच्या पाण्याच्या नळीने तपासून घ्यावे. चारही चाकांत ठरलेली हवा भरून, गाडी रिकामी करून, प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये लिहावे. पूर्वी डेंटिंग झाले असेल, तर मडगार्डची कडच फसवू शकते, हे ध्यानात ठेवावे.

डावे मागचे टोक सर्वांत खाली आणि उजवे पुढचे टोक किंचित वर आढळले, तर संशय डाव्या मागच्या स्प्रिंगवर बळावतो. डावी बाजू पुढूनही तितकीच खाली असेल, तर मात्र दोष पुढे असून मागचे टोक केवळ त्याच्यासोबत कललेले असू शकते. याचा निवाडा करण्यासाठी गाडीच्या माहितीपुस्तिकेत पुढे मधोमध जॅक लावण्याची जागा दिली असल्यास तिथे ट्रॉली जॅक लावून पुढची दोन्ही चाके एकदम उचलावीत. तरीही मागचा कल कायम राहिला तर दोष मागे, आणि मागची बाजू सारखी झाली तर दोष पुढे समजावा. अशा वेळी गाडीखाली कोणीही शिरू नये.

स्प्रिंगचा शेवटचा वेढा, ती जिथे टेकते त्या बैठकीत दडलेला असतो आणि गंजून तिथेच तुटतो, म्हणून तो पुसून, विजेरीच्या उजेडात पाहावा. स्प्रिंग तुटलेली निघाल्यास त्या एक्सलच्या, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांच्या त्या जोडीच्या, दोन्ही स्प्रिंग बदलाव्यात. त्या वेळी चाकांच्या आधाराच्या सांध्यांतील रबरी बुशचे (रबरी नळकांड्यांचे) बोल्ट मात्र चाके लोंबकळत असताना आवळू नयेत, कारण तसे आवळलेले बुश पीळ खाऊन गाडी वर धरून ठेवतात आणि नव्या स्प्रिंगवरही उंची चुकीची दिसते.