आपल्या गावाचे जुने फोटो भिंतीवर लावायचेत, चांगल्या क्वालिटीचे कुठे मिळतील?

तुमचं गाव मिरज, फ्लॅट पुण्यात, हॉलची एक भिंत रिकामी आणि तिथे मिरजेचे शंभरेक वर्षांपूर्वीचे फोटो लावायचेत, पण गुगलवर तेच ते चार फोटो येतात आणि तेही पोस्टाच्या तिकिटाएवढे, असं तुम्ही लिहिलंय. मी वाईचा, आमच्या जिन्याच्या भिंतीवर जुन्या वाईचे फोटो आहेत, म्हणून लिहितोय.

पहिलं म्हणजे नुसतं गावाचं नाव टाकून शोधणं बंद करा. १८५०-६० च्या सुमाराला फोटो काढायचा म्हणजे काचेच्या प्लेटा, केमिकलच्या बाटल्या, काळोखासाठी तंबू आणि हे सगळं वाहायला माणसं, एवढा लवाजमा घेऊन कोणी उगाच कुठे जात नव्हतं. तेव्हा हा माणूस आपल्या गावात कशासाठी आला असेल ते आधी डोक्यात आणा आणि ते कारण शोधा. वाईचं कारण महाबळेश्वर. साहेबलोक उन्हाळ्यात वर जायचे, पसरणीचा घाट चढायच्या आधी वाई लागायची, नदीकाठी देवळांची रांग, मग कॅमेरा निघणारच. त्यामुळे वाईचे फोटो वाईच्या नावाखाली कमी आणि महाबळेश्वरच्या अल्बममध्ये जास्त सापडतात.

मिरजेला तर कारणांची चंगळ आहे हो. १८९४ ला डॉ. वॉनलेसनी मिशन हॉस्पिटल काढलं, ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं, आणि मिशनवाल्यांना तिकडच्या देणगीदारांना काम दाखवावं लागायचं म्हणून ते फोटो काढून पाठवायचे. म्हणजे मिरजेचे फोटो अमेरिकेत शोधायचे. फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीचं डिजिटल आर्काइव्ह बघा, सदर्न कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीचं मिशन फोटोंचं आर्काइव्ह बघा. दुसरं कारण रेल्वे, तिथे मिरज टाकण्यापेक्षा सदर्न मराठा रेल्वे हे तेव्हाच्या रेल्वे कंपनीचं नाव टाका. तिसरं पटवर्धनांचं संस्थान. शिवाय दर्गा आणि सतारमेकर आहेतच.

आणि स्पेलिंग! इंग्रजांनी आपल्या गावांच्या नावांचं जे काही केलंय ते केलंय. मिरज एम डबल ई आर यू जे असंही शोधा. आमची वाई डब्ल्यू वाय ई अशी सापडते, साताऱ्यात दोन टी.

मोठ्या साइटपैकी ब्रिटिश लायब्ररीकडे आपल्याकडच्या जुन्या फोटोंचा साठा प्रचंड आहे, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांच्यावर सायबर हल्ला झाला आणि बरंचसं ऑनलाइन बंद पडलं, तेव्हा जुन्या लिंका उघडल्या नाहीत तर वैतागू नका, त्यातले बरेच फोटो विकिमीडिया कॉमन्स या फुकट फोटोंच्या साइटवर आधीच कोणीतरी टाकून ठेवलेत. टेक्सासच्या सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटीकडे विल्यम जॉन्सन या फोटोग्राफरचे १८५५ ते ६२ च्या काळातले पश्चिम भारताचे फोटो आहेत, ते जरूर बघा. डाउनलोड करताना स्क्रीनवरचा फोटो सेव्ह करू नका, सगळ्यात मोठ्या साइजचा पर्याय घ्या, टिफ (क्वालिटी न घटवता ठेवलेली मोठी फाइल) असेल तर टिफच. इंग्रजांच्या काळातल्या फोटोंचा कॉपीराइट बहुतेक संपलेला असतो, तरी स्कॅन वापरायच्या प्रत्येक लायब्ररीच्या अटी वेगळ्या, त्या वाचा.

पण खरं सांगू का, या सगळ्यात देऊळ, किल्ला, हॉस्पिटल मिळेल, बाजारपेठ मिळणार नाही. ती गावातच आहे. जुन्या फोटो स्टुडिओवाल्यांच्या माळ्यावर निगेटिव्हचे डबे असतात, मुलगा दुकान मोबाइलचं करतो आणि डबे भंगारात जातात, म्हणून तिथे आधी जा. मग वाचनालय, शाळा, गणेश मंडळ यांच्या शताब्दीच्या स्मरणिका चाळा, त्यातली छपाई खराब असते पण मूळ फोटो कोणाकडचा ते खाली लिहिलेलं असतं, त्या घरी जायचं, चहा घ्यायचा, फोटो मागायचा नाही, तिथेच स्कॅन करून परत द्यायचा. पुण्यात आहात तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारा. जुनी पोस्टकार्डं ईबेवरही मिळतात, फोटोटाइप कंपनी आणि क्लिफ्टन ही पोस्टकार्डं काढणाऱ्या मुंबईच्या कंपन्यांची दोन नावं लक्षात ठेवा.

फोटो मिळाला की फ्रेमवाल्याकडे धावायच्या आधी गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला दाखवा. काचेची निगेटिव्ह उलटी धरून स्कॅन झालेली असते कधीकधी, डावं उजवं होतं आणि परक्याला पत्ताही लागत नाही. आमच्याकडच्या एका फोटोत नदीकाठच्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची बाजू आहे, नदीच्या पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून ती भिंत माशासारखी निमुळती बांधलीय, खाली पायऱ्यांवर धुणं आपटणाऱ्या बायका. नदी कुठून कुठे वाहते ते माहीत असलेल्या माझ्या आत्याने तो मोबाइलवर बघितल्या बघितल्या सांगितलं, अरे हे उलटं आहे. मग आरशासारखा फिरवून प्रिंट काढला.

प्रिंटचं गणित सोपं आहे. ३०० डीपीआयला (म्हणजे एका इंचात ३०० पिक्सेल) १२ बाय १८ इंचाला ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात, लांबून बघायचा असेल तर १५० ला पण चालतं. पोस्टकार्ड साधारण साडेपाच बाय साडेतीन इंच, ते १२०० ला स्कॅन केलं तर कागदावर बावीस इंचापर्यंत जाता येतं, पण छापील कार्ड असेल तर मोठं केल्यावर छपाईचे ठिपके दिसतात, तेव्हा एवढं ताणू नका. एआयने शार्प करायच्या फंदात अजिबात पडू नका, माणसांचे चेहरे भलत्याच कोणाचे तरी होतात, आणि रंग भरणं तर नकोच, डाग ओरखडे राहू देत. कागद मॅट, कॅनव्हास नको (हे माझं मत, बायकोचं वेगळं आहे). माउंट बोर्ड (फ्रेममध्ये फोटोभोवती लावतात तो पुठ्ठा) अ‍ॅसिड फ्री मागा, काच नॉन ग्लेअर घ्या. पश्चिमेचं ऊन थेट पडणारी भिंत टाळा, आणि पावसाळ्यात भिंतीला ओल येत असेल तर फ्रेमच्या मागे चारी कोपऱ्यांत कॉर्कचे तुकडे चिकटवा म्हणजे मागून हवा खेळते. बारा छोट्या फ्रेमा करण्यापेक्षा एक मोठी आणि दोन मध्यम पुरे, मोठीसाठी मिशन हॉस्पिटलचा किंवा स्टेशनचा फोटो बघा, त्यात माणसं असली तर तोच घ्या.